वडिलांना ॲस्बेस्टॉसचा कॅन्सर, काम साखर कारखान्यात बॉयलरच्या लॅगिंगचं. कुटुंबाला कुठून मदत मिळते?

कल्पना_शेळगी

नमस्कार. मी सोलापूरची, शेळगीत राहते. घरी ब्लाउज शिवते, मिस्टर पॉवरलूमवर आहेत. आई-आप्पा माझ्या धाकट्या भावाकडे, दोन गल्ल्या सोडून. मला माहिती हवी आहे ती आप्पांसाठी.

आप्पा 66 वर्षांचे आहेत. 1986 पासून त्यांनी एकच काम केलं, बॉयलर आणि वाफेच्या पाइपांचं लॅगिंग, म्हणजे उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून वरून वेष्टण चढवायचं. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांना तोटा नाही. गळीत संपलं की ऑफ सीझनला ठेकेदार माणसं गोळा करायचे. जुनं लॅगिंग हातोडी-छिन्नीने फोडायचं, पाइपला नवी दोरी गुंडाळायची, वरून पांढरा लगदा लिंपायचा आणि शेवटी पत्रा मारायचा. ती दोरी ॲस्बेस्टॉसची. कापली की पिंजलेल्या कापसासारखं उडायचं, असं आप्पा सांगतात. तोंडाला पंचा बांधायचे, एवढंच. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या असायच्या, हे मी लहानपणी रोज बघितलंय. आई त्यांचे कपडे आधी दारात झटकायची, मग भिजवायची.

शेवटची 11 वर्षं ते एकाच ठेकेदाराकडे, एकाच कारखान्यात होते. सीझनमध्येही त्यांना पाइपलाइनच्या दुरुस्तीला ठेवून घ्यायचे. 2024 च्या दसऱ्याला बॉयलर अग्निप्रदीपन झालं आणि आप्पांनी काम सोडलं. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला होम मैदानावर गेलो होतो, तिथे पाळण्यांपर्यंत चालताना त्यांना धाप लागली. बरगडीत दुखतंय म्हणाले. एक्स-रेमध्ये उजव्या बाजूला पाणी दिसलं. पाणी काढलं, टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला तरी पाणी परत भरलं. मग सीटी झालं, दुर्बिणीतून तुकडा काढला आणि रिपोर्ट आला, मेसोथेलिओमा. फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. डॉक्टरांनी आप्पांना पहिलाच प्रश्न विचारला, "बाबा, ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलंय का?"

आता केमो चालू आहे, बार्शीला. केमो फुले योजनेत बसली, पण योजनेत येण्याआधीचे सीटी, तुकड्याच्या तपासण्या आणि रोजचं जाणं-येणं यात आईच्या पाटल्या गेल्या, भावाने पतसंस्थेचं कर्ज काढलं. भावाला दोन लहान मुलं आहेत.

ठेकेदाराकडे गेलो तर तो म्हणाला, "तुमचे आप्पा बिडी ओढायचे, त्याने झालं. माझा काय संबंध?" कारखान्याच्या ऑफिसात म्हणाले, आमच्या हजेरीपटावर त्यांचं नावच नाही. मोबाईलवर शोधलं तर सगळं अमेरिकेचं येतं, तिकडे म्हणे लाखो डॉलर मिळतात. मग एकाचा फोन आला, अमेरिकेच्या फंडातून 20 लाख काढून देतो, आधी 15,000 भरा म्हणून. भरले नाहीत.

माझा प्रश्न एवढाच: आपल्याकडे, अशा ठेकेदारी कामगाराच्या घराला काही मिळतं का? मिळत असेल तर कुठे जायचं? कागद म्हणाल तर आप्पांकडे पीएफच्या काही स्लिपा आहेत, गेटपास आहे. हॉस्पिटलच्या केसपेपरवर मात्र व्यवसायाच्या जागी "शेती" लिहिलंय. आमची दीड एकर कोरडवाहू आहे खरी, पण आप्पा शेतात कधी नव्हतेच.

बार्शीवाली_काकू

कल्पना, तुझ्या आप्पांना लवकर आराम पडो. माझ्या मिस्टरांचं गालाच्या कॅन्सरचं सगळं मीच केलं, त्यामुळे कायद्याचं नाही पण उपचाराच्या पैशाचं सांगू शकते.

महात्मा फुले योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार आहेत आणि रेशनकार्ड कुठल्याही रंगाचं चालतं, पांढरंही. प्रत्येक योजनेच्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, केमो असो की तपासणी, आधी त्याच्याकडे जायचं आणि मग बिलाच्या खिडकीवर. कोणी योजनेत असूनही पैसे मागितले तर 155388 वर तक्रार लागते. भरती असताना सांगितलेली तपासणी योजनेतच धरायला लावा. आम्हाला हे उशिरा कळलं म्हणून आधी सांगते.

खासगी मोठ्या हॉस्पिटलात जावं लागलं तर ते धर्मादाय आहे का विचारा. धर्मादाय हॉस्पिटलांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. निर्धनसाठी वर्षाचं उत्पन्न 1,80,000 च्या आत, दुर्बलसाठी 3,60,000 च्या आत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आजच काढून ठेवा, तो एक कागद दहा ठिकाणी लागतो. मुख्यमंत्री सहायता निधीला पण तोच, सोबत हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक. त्या निधीचा कक्ष आता आपल्या कलेक्टर ऑफिसातच आहे, मुंबईला मंत्रालयात खेटे घालायची गरज राहिली नाही.

टाटाला दुसरं मत घ्यायला जाणार असाल तर रेल्वेची सवलत विसरू नका. कॅन्सरच्या पेशंटला उपचाराच्या प्रवासाला स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण तिकीट माफ, सोबतच्या माणसाला 75 टक्के. हॉस्पिटलकडून रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यात दाखला घ्यायचा. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघालं की सकाळी दादर. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळला नाना पालकर स्मृती समिती. टाटाच्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी घेऊन जा, नाहीतर जागा मिळणं अवघड.

आप्पा 65 च्या पुढचे आहेत म्हणून संजय गांधी निराधारऐवजी श्रावणबाळ योजनेत बघा, महिना 1,500. पण त्याची उत्पन्नाची अट वर्षाला 21,000 ची आहे, भावाच्या रेशनकार्डावर नाव असेल तर अडेल. आई-आप्पांचं कार्ड वेगळं आहे का?

जुना_युनियनवाला

कल्पनाताई, मी बत्तीस वर्षं साखर कामगारांच्या युनियनचं काम केलं. बॉयलर हाउसची माणसं मी जवळून पाहिली आहेत. लॅगिंगवाले कायम शेवटच्या रांगेत, कारण ते ना कारखान्याचे, ना कायम कोणा ठेकेदाराचे. तुमचा प्रश्न वाचून सविस्तर लिहितो आहे, कारण तुमच्या आप्पांचा हक्क बनतो आणि तो मागितला पाहिजे.

आधी ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विम्याचं. कोणीतरी तुम्हाला विमा हॉस्पिटलात जा म्हणेल. साखर हा हंगामी उद्योग धरला गेल्यामुळे साखर कारखाने ईएसआयच्या बाहेर राहिले आहेत. कापडाच्या गिरणीतल्या माणसाला जे विम्यातून मिळतं, ते साखरेतल्याला मिळत नाही. म्हणून तुमचा रस्ता कामगार नुकसानभरपाईचा, म्हणजे 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा.

त्या कायद्याला तिसरं परिशिष्ट आहे, धंद्यामुळे होणाऱ्या आजारांची यादी. त्यात "ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा" हा आजार नाव घेऊन दिला आहे. या यादीतला आजार, आणि त्या धोक्याच्या कामात त्याच मालकाकडे सलग 6 महिने नोकरी, एवढं दाखवलं की हा आजार कामावर झालेला अपघातच मानला जातो. मग तो कामामुळे झाला नाही हे सिद्ध करायची जबाबदारी समोरच्यावर जाते. सलग म्हणजे त्या काळात तशाच कामाची नोकरी दुसऱ्या मालकाकडे केलेली नको. तुमचे आप्पा ऑफ सीझनला आणि पुढे सीझनलाही होते, म्हणून ते 6 महिने निघतील, पण हजेरीने दाखवावे लागतील.

ठेकेदार आणि कारखाना एकमेकांकडे बोट दाखवतात, त्याचंही उत्तर कायद्यात आहे. मूळ मालकाने आपल्या धंद्याचं काम ठेकेदाराकडून करून घेतलं तर भरपाई मूळ मालकाकडून मागता येते. कारखान्याने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी, ते त्यांचं ते बघतील. म्हणून अर्जात दोघांनाही सामनेवाले करा. "हजेरीपटावर नाव नाही" हे उत्तर तिथे टिकत नाही.

बिडीचं बोलणं तर सरळ खोडून टाका. बिडी-सिगारेटने फुफ्फुसाचा कॅन्सर होतो. मेसोथेलिओमा बिडीने होत नाही. हे तुमच्या डॉक्टरांकडून एका ओळीत लिहून घ्या. आपल्या सोलापुरात बिडी ओढणारी माणसं घरोघरी, म्हणून हा आरोप पहिल्यांदा येतो आणि घरचे लोक गप्प बसतात. तुम्ही गप्प बसू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. केसपेपरवर "शेती" लिहिलंय ना, तिथे तुमची केस हरू शकते. समोरचा वकील तोच कागद पहिल्यांदा पुढे करेल. डॉक्टरांना भेटा, आप्पांना सोबत न्या, आणि कामाचा इतिहास त्यांच्या तोंडून सांगू द्या: कुठल्या साली, कुठे, काय काम, किती वर्षं, दोरी कशी कापायचे, तोंडाला काय बांधायचे. तो इतिहास केसपेपरवर आणि डिस्चार्ज कार्डावर लिहून, तारीख-सहीसकट मागा. जुना कागद फाडायचा नाही, खोडायचाही नाही. नवीन नोंद वेगळी करायची. हा आजार काम सुरू केल्यावर 20 ते 50 वर्षांनी उगवतो, 1986 पासूनची वर्षं म्हणून लागतात.

मुदतीचं पण बघा. नोकरी सुटल्यापासून 2 वर्षांच्या आत आजाराची लक्षणं दिसली तर, लक्षणं पहिल्यांदा आढळली तो दिवस अपघाताचा दिवस धरतात. तुमचं काम सुटलं ऑक्टोबर 2024 ला, धाप जानेवारी 2025 ला. बसतं. त्या दिवसापासून अर्जाला 2 वर्षं. उशीर झाल्यास सबळ कारण दाखवून अर्ज घेतला जाऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. जत्रेनंतरचा तो पहिला एक्स-रे आणि त्या दिवसाची चिठ्ठी जपून ठेवा.

21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, तिच्याही तिसऱ्या परिशिष्टात हीच यादी आहे. अर्ज जुन्या कायद्याने टाकायचा की नव्या, हे वकील तारखा बघून ठरवतील. वकिलाच्या फीची काळजी नको. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, महिलेला आणि औद्योगिक कामगाराला तिथे उत्पन्न न बघता वकील मोफत मिळतो.

आप्पांचा शेवटचा पगार किती होता ते कळवा, आकडा काढून देतो. पीएफच्या स्लिपा किती सालच्या आहेत तेही सांगा.

रेसिडेंट_छाती

मी छातीरोग विभागात शिकतो आहे. युनियनवाल्या काकांनी केसपेपरचं सांगितलं त्याला माझा दुजोरा. ओपीडीत गर्दी असते, व्यवसाय विचारला की पेशंट "शेती" म्हणतो आणि आम्ही तेच लिहितो. आमच्याकडून हे विचारलं गेलं पाहिजे: आत्ता काय करता हे नको, आयुष्यभर काय केलं ते.

दोन गोष्टी मागून घ्या. बायोप्सीचा पूर्ण रिपोर्ट, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीसकट (पेशी कुठल्या कॅन्सरच्या ते ओळखायच्या खास तपासण्या), आणि तुकड्याचा मेणाचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवून ठेवलेला तो तुकडा. मेसोथेलिओमा दुसऱ्या कॅन्सरपासून वेगळा ओळखायला त्या तपासण्याच लागतात, कोर्टात कोणी रिपोर्टवर शंका घेतली तर तोच ब्लॉक दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासता येतो. सीटीच्या फिल्म किंवा सीडी पण. आवरणावर चुन्याचे चट्टे दिसत असतील तर ती ॲस्बेस्टॉसची जुनी खूण आहे, रेडिओलॉजिस्टना ते रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहायला सांगा.

2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमाच्या आजारांच्या यादीत ॲस्बेस्टॉसिस (ॲस्बेस्टॉसच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार) आणि धंद्यामुळे होणारा कर्करोग दोन्ही होते, आणि असा पेशंट पाहणाऱ्या डॉक्टरने कारखाना निरीक्षकाला कळवायचं असतं. आमच्यातले बरेच जण कळवत नाहीत. तुमच्या डॉक्टरांना नम्रपणे आठवण करून द्या. त्या पत्राची प्रत तुमच्या कामाला येईल.

आणि ताई, आईचा एक्स-रे काढा. ते कपडे झटकताना धूळ त्यांच्याही छातीत गेली असेल. बहुतेकांना काही होत नाही, घाबरून जाऊ नका, पण एकदा बघून घ्या आणि डॉक्टरांना कपड्यांचं सांगा. तुम्ही आणि भाऊ त्याच घरात वाढलात, तुम्हाला पुढे कधी बरगडीत दुखलं किंवा पाणी झालं तर हे सांगायला विसरू नका.

कल्पना_शेळगी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मी हे सगळं आप्पांना वाचून दाखवलं. केमोनंतर त्यांना बोलायला दम लागतो, पण बिडीचं ऐकून उठून बसले. म्हणाले, "मी त्यांना चाळीस वर्षं सांगतोय, त्या दोरीत काहीतरी आहे." त्यांच्या जोडीचे दोघं अशीच छाती भरून गेले, त्यांना टीबी म्हणूनच लिहिलं गेलं असं ते म्हणतात.

काका, शेवटचा पगार 12,000 होता. पीएफ 2013 पासून कापला आहे, स्लिपा मधल्या काही वर्षांच्या आहेत. यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा नंबर, एका स्लिपेवर आहे. गेटपास तीन आहेत, त्यावर ठेकेदाराचं नाव आणि कारखान्याचा शिक्का. आईने आणखी एक वस्तू काढून दिली, एक पिवळी वही. रोज कुठल्या पाइपवर काम केलं आणि किती हजेरी लागली ते आप्पा लिहून ठेवायचे, मुकादम हजेरी खायचा म्हणून. 2016 ते 2021 ची आहे.

भाऊ घाबरला आहे. त्याला वाटतं कारखान्याविरुद्ध गेलो तर गावातली माणसं बोलतील. आणि ठेकेदाराचा मुलगा परवा आला होता. 50,000 देतो, एका कागदावर सही करा म्हणाला. आम्ही सांगितलं विचार करतो.

आणखी एक विचारायचं आहे आणि ते लिहिताना हात थांबतो. केस चालू असताना आप्पांचं काही झालं तर?

जुना_युनियनवाला

ताई, ती पिवळी वही फार मोलाची आहे. पहिल्यांदा तिचं पानन् पान झेरॉक्स करा, मूळ वही आईच्या पेटीत. 6 महिने सलग कामाचा पुरावा तिच्यात निघेल.

50,000 च्या कागदावर सही करू नका. कायद्याने मिळणारा भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायदा मानतच नाही, पण सही झाली की तोच कागद ते दाखवत फिरतील आणि वेळ खातील. तडजोड करायचीच असली तर ती नुकसानभरपाई आयुक्तांपुढे नोंदवावी लागते. आपल्याकडे कामगार न्यायालयच ते काम बघत आलं आहे. मृत्यूची भरपाई तर थेट घरच्यांच्या हातात देताच येत नाही, आयुक्तांकडे जमा करायची असते. ठेकेदाराच्या मुलाला सांगा, द्यायचे असतील तर तिथे जमा करा.

आता आकडा. 100 टक्के कायमचं अपंगत्व धरलं तर पगाराच्या 60 टक्के गुणिले वयाचा गुणांक. 65 आणि पुढे गुणांक 99.37. तुमचे 12,000 चे 60 टक्के 7,200. गुणाकार 7,15,464. पगार 15,000 पेक्षा जास्त असता तरी हिशेबाला 15,000 च धरतात, तुमचा कमी आहे म्हणून प्रत्यक्षातला धरतील. देय झाल्यापासून महिन्यात दिले नाहीत तर वर्षाला 12 टक्के व्याज, आणि सबळ कारणाशिवाय टाळलं तर रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंत दंड. व्याज आणि दंड अर्जातच मागा, मागितलं नाही तर विसरलं जातं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो. हक्क संपत नाही. आप्पांच्या मागे आई वारस म्हणून पुढे चालवते. मृत्यूचा हिशेब 50 टक्क्यांवर होतो, म्हणजे 6,000 गुणिले 99.37, 5,96,220, अंत्यविधीचा खर्च वेगळा. आणि हे लिहायला मलाही जड जातंय, पण सांगणं भाग आहे: तशी वेळ आलीच तर मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय दाखल्यावर "हृदयक्रिया बंद" एवढंच लिहू देऊ नका, मूळ आजार मेसोथेलिओमा असं लिहायला लावा. आणि आप्पा बोलू शकतात तोवर त्यांचा जबाब नोंदवायला वकिलांना सांगा. अर्ज टाकल्यावर आजारपणाचं कारण देऊन साक्ष लवकर घेण्याची विनंती करता येते. चाळीस वर्षांचं काम त्यांच्याइतकं दुसरं कोणी सांगू शकणार नाही.

पीएफचं वेगळं. वयाची 58 पूर्ण होण्याआधी पीएफच्या पेन्शन योजनेत 10 वर्षं भरली असतील तरच 58 नंतर पेन्शन लागू होते, किमान महिना 1,000. मिळते का? नसेल तर यूएएन घेऊन इथल्या पीएफ कार्यालयात विचारा, 2013 च्या आधीचीही वर्षं धरून 10 भरत असतील तर पेन्शनचा 10 डी फॉर्म भरा. पेन्शन लागू झाली तर त्यांच्या पश्चात आईला विधवा पेन्शन. शिवाय पीएफच्या पासबुकात वर्षवार आस्थापनेचं नाव येतं, कोर्टात हाच सगळ्यात भक्कम कागद. उमंग ॲपवर भाऊ काढून देईल.

भावाला सांगा, गाव बोलेल ते दोन दिवस. कर्ज मात्र पतसंस्थेचं आहे.

विजापूरवेस_लेस्टर

मूळचा विजापूर वेशीतला, सध्या इंग्लंडमध्ये. अमेरिकेच्या फोनबद्दल लिहितो, कारण असे फोन करणारे लोक गरिबांना लुबाडतायत.

अमेरिकेत ॲस्बेस्टॉस बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या दाव्यांमुळे दिवाळखोरीत गेल्या आणि कोर्टाने त्यांच्याकडून भरपाईचे ट्रस्ट उभारून घेतले. मॅनव्हिल कंपनीचा ट्रस्ट 1988 पासून चालू आहे. पण त्या ट्रस्टकडून पैसे मिळवायला त्याच कंपनीच्या मालाशी तुमचा संबंध आला हे दाखवावं लागतं. सोलापूरच्या कारखान्यात देशी दोरी वापरली असेल तर तिथे काही मिळत नाही, आणि "आधी पैसे भरा" म्हणणारा माणूस ट्रस्टचा असूच शकत नाही. इथे ब्रिटनमध्ये 2014 च्या कायद्याने मेसोथेलिओमाच्या पेशंटसाठी निधी आहे, विमा कंपन्यांच्या पैशातून, पण तो इथे काम केलेल्यांना. जपानने 2006 मध्ये कायदा केला, त्यात कारखान्याशेजारी राहणारे आणि घरचे लोकही येतात.

कल्पनाताईंच्या आईसारख्यांसाठी, म्हणजे ज्यांनी फक्त कपडे धुतले त्यांच्यासाठी, आपल्याकडे भरपाईचा कायदा नाही. राजस्थानने 2019 मध्ये सिलिकोसिससाठी (दगडाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार) धोरण आणलं, प्रमाणपत्र मिळालं की 3 लाख आणि मृत्यूनंतर 2 लाख, मालक सापडो न सापडो. महाराष्ट्रात ॲस्बेस्टॉससाठी तसं का होऊ नये? आमदारांना पत्र लिहायचं असेल तर मी मसुदा करून देतो, खरंच.

जुना_युनियनवाला

लेस्टरकर, मसुदा जरूर करा. त्यात 1995 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल घाला. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी 40 वर्षं किंवा नोकरी संपल्यावर 15 वर्षं, यातलं जे उशिरा संपेल तोवर ठेवायच्या, आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने आजार प्रमाणित केला तर 1 लाख भरपाई, असं न्यायालयाने सांगितलं होतं. तो निकाल ॲस्बेस्टॉस उद्योगाबद्दल होता. ती दोरी विकत घेऊन गुंडाळणाऱ्या लॅगिंगवाल्याच्या नोंदी कोणीच ठेवल्या नाहीत. पत्रात हाच मुद्दा हवा.

कल्पना_शेळगी

काय झालं ते कळवते, म्हणजे पुढच्या कोणाला उपयोग होईल.

डॉक्टरांनी आप्पांना समोर बसवून सगळा इतिहास लिहून घेतला, 1986 पासूनचा, कारखान्यांच्या नावांसकट. खाली लिहिलं की या आजाराचा धूम्रपानाशी संबंध नाही. सही-शिक्का मिळाला. कारखाना निरीक्षकांना पत्र पाठवतो म्हणालेत, प्रत आम्हाला देणार. आईचा एक्स-रे स्वच्छ आहे, वर्षाने परत काढायला सांगितलाय.

विधी सेवा प्राधिकरणातून वकील मिळाल्या, बाई आहेत. त्यांनी ठेकेदाराला आणि कारखान्याला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. पीएफच्या पासबुकात 2013 पासून सलग 11 वर्षं त्याच ठेकेदाराचं नाव निघालं, पेन्शनची चौकशी भावानेच केली. आता तोच सगळ्यांच्या पुढे असतो. वकीलबाईंना आणखी एक हवंय, आप्पांसोबत दोरीचं काम केलेले दोन साक्षीदार. जोडीदारांपैकी एक मंगळवेढ्याकडे गेले म्हणतात, एक मोहोळला होते, नंबर कोणाकडेच नाही.

म्हणून विचारते. इथे कोणाचे वडील, चुलते, सासरे 2013 ते 2024 च्या ऑफ सीझनला बॉयलर हाउसमध्ये लॅगिंगला होते का? असतील तर मला खासगी संदेश पाठवा. साक्षीला येणं जमणार नसेल तरी पाठवा, कारण त्यांना धाप किंवा छातीत पाणी असेल तर टीबीच्या गोळ्यांवर थांबू नका, डॉक्टरांना दोरीचं सांगा. आप्पांनी सगळ्यांची नावं आठवून वहीच्या मागच्या पानावर लिहिली आहेत, मी एकेकाला शोधतेय.